पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल-परवाना घेऊन न्यू जर्सीमार्गे न्यू हॅम्पशायरला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही फिलाडेल्फियाजवळ राहता, ग्रीन कार्डधारक आहात आणि पिस्तूल लपवून बाळगण्याचा काउंटी शेरीफने दिलेला परवाना तुमच्याकडे आहे. ऑक्टोबरमध्ये पानगळीचे रंग पाहायला सहकुटुंब गाडीने न्यू हॅम्पशायरला जायचे आहे, वाटेत न्यू जर्सीतील एडिसनला बहिणीकडे दोन रात्री मुक्काम आहे, एच-१बी व्हिसावरील मेव्हणे तिथून सोबत येणार आहेत, आणि या प्रवासात पिस्तूल कमरेला ठेवता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शस्त्रासह प्रवासाबद्दलच्या संघीय, म्हणजे साऱ्या अमेरिकेला लागू असलेल्या, कायद्याचाही तुम्ही उल्लेख केला आहे. माझे उत्तर नाही असे आहे. कमरेला तर नाहीच, पण एडिसनचा मुक्काम कायम असेल तर कुलूपबंद पेटीत घालूनही नेऊ नका. मी वकील नाही. परंतु पेनसिल्व्हेनियाचा हाच परवाना माझ्याकडेही आहे, आणि या भागातील राज्यांचे कायदे मी काळजीपूर्वक वाचत आलो आहे. प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी दोन वकिलांना विचारा : एक शस्त्रकायद्याचा आणि एक इमिग्रेशनचा. दुसरा का, ते पुढे येईलच.

आपल्या लोकांचा गैरसमज बहुधा ड्रायव्हिंग लायसन्सवरून होतो. एका राज्याचे लायसन्स साऱ्या अमेरिकेत चालते, म्हणून शस्त्राचा परवानाही चालत असेल, असे गृहीत धरले जाते. तसे नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा त्या-त्या राज्याचा असतो आणि तो दुसऱ्या राज्याने मानायचा की नाही, हे ते दुसरे राज्य ठरवते. सर्व राज्यांना एकमेकांचे परवाने मानायला लावणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले होते, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. जून २०२२ च्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, हे खरे. त्या निकालाने राज्यांची परवाना देण्याची मनमानी कमी झाली, परंतु परवाना मागण्याचा त्यांचा अधिकार गेला नाही आणि शेजारच्या राज्याचा परवाना मानण्याची सक्तीही झाली नाही. दुसरीकडे, परवान्याविनाच शस्त्र बाळगू देणाऱ्या राज्यांची संख्या २०२४ मध्ये २९ वर गेली, आणि बातम्यांतला हा आकडा वाचून पुष्कळांना देशभर सगळे सैल झाल्यासारखे वाटते. तुमच्या वाटेवरची न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही चारही राज्ये त्या २९ मध्ये नाहीत, आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना त्यांपैकी एकही राज्य मानत नाही.

सर्वांत आधी न्यू जर्सीचा विचार करा, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. त्या राज्याच्या परवान्याविना पिस्तूल जवळ असणे हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा असून त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि ग्रेव्ह्ज ॲक्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार साधारणपणे किमान ४२ महिने पॅरोलविना तुरुंगात काढावे लागतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची, दोन मुलांची आई असलेली एक महिला अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी अडवल्यावर आपणहून म्हणाली की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. परवाना अस्सल होता, पण पेनसिल्व्हेनियाचा होता. तिला अटक झाली आणि साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार तिच्यावर कित्येक महिने राहिली. प्रकरण देशभर गाजल्यावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलने अशा परराज्यांतील परवानाधारकांच्या बाबतीत सरकारी वकिलांनी कसे वागावे याच्या सुधारित सूचना काढल्या, तिला खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाची सवलत मिळाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. सूचना बदलल्या तरी मूळ कायदा तोच राहिला.

ती महिला अमेरिकेची नागरिक होती. तुम्ही नाही, आणि हा फरक मला शिक्षेच्या वर्षांपेक्षाही मोठा वाटतो. इमिग्रेशन कायद्यात शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दलची दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि त्यासाठी ग्रीन कार्ड मिळून किती वर्षे झाली याला महत्त्व नाही. गुन्हा कबूल करून मिळवलेली सौम्य तडजोडदेखील, राज्याच्या न्यायालयाने तिला काहीही नाव दिले तरी, इमिग्रेशनच्या व्याख्येत दोषसिद्धी ठरू शकते. इतर काही गुन्ह्यांत गव्हर्नरची पूर्ण माफी हद्दपारीपासून वाचवते. शस्त्राच्या गुन्ह्याला ती सवलत कायद्यात दिलेली नाही. म्हणजे त्या महिलेची जिथे सुटका झाली, तिथे तुमची होईलच असे नाही. म्हणून फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकील हवा, असे मी म्हणालो.

आता तुम्ही ज्या संघीय कायद्याचा उल्लेख केला आहे, तो १९८६ चा कायदा. त्यातील सुरक्षित प्रवासाची तरतूद खरी आहे आणि उपयोगीही आहे, पण लोक ती अर्धीच वाचतात. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोहोचणार तिथे, दोन्ही ठिकाणी, पिस्तूल बाळगणे आणि सोबत नेणे तुमच्यासाठी कायदेशीर असले पाहिजे. प्रवासात पिस्तूल रिकामे असले पाहिजे. पिस्तूल आणि गोळ्या यांपैकी काहीही प्रवासी बसतात त्या भागातून हाताला लागता कामा नये. आणि गाडीला वेगळी डिकी नसेल, जशी एसयूव्हीला नसते, तर दोन्ही कुलूपबंद पेटीत हवे, आणि ती पेटी म्हणजे डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटमधला कप्पा असून चालत नाही. इतके केले तर वाटेतल्या राज्याचा कायदा आडवा येत नाही. परंतु ही तरतूद वाटेतून पुढे जाणाऱ्यासाठी आहे, वाटेत उतरून राहणाऱ्यासाठी नाही. पेट्रोल भरायला किंवा जेवायला किती वेळ थांबता येईल, याबद्दल कायद्यात एक शब्द नाही. मुक्कामाबद्दल मात्र न्यायालयाचे मत आपल्यासमोर आहे.

२००५ मध्ये यूटाचा एक प्रवासी विमानाने पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला निघाला होता. पिस्तूल रिकामे होते, पेटीत कुलूपबंद होते आणि नियमाप्रमाणे विमान कंपनीला सांगून सामानात दिले होते. न्यू जर्सीतील नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामान हाती पडले तेव्हा त्या दिवशी पुढे जाण्याची सोय राहिली नव्हती, म्हणून रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने पुन्हा प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केले आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याने दाखल केलेल्या दाव्यात २०१० मध्ये थर्ड सर्किट या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की रात्रभर हॉटेलात पिस्तूल आणि गोळ्या त्याच्या हाताशी होत्या, म्हणून संघीय तरतुदीचे संरक्षण त्याला मिळत नाही. ज्याचा मुक्काम नाइलाजाने झाला त्याला जर हे उत्तर मिळाले, तर ठरवून बहिणीकडे दोन रात्री राहणाऱ्या माणसाला वेगळे उत्तर मिळेल अशी आशा मी करणार नाही. पेटी गाडीतच ठेवली तरी, त्या दोन दिवसांपुरते तुमचे ठिकाण एडिसन आहे, न्यू हॅम्पशायर नाही, असा युक्तिवाद सरकारी वकील सहज करू शकतो.

न्यूयॉर्क टाळण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. नकाशा पाहा : पेनसिल्व्हेनियातून न्यू इंग्लंडला, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात येते त्या भागाला, देशांतर्गत रस्त्याने जायचे तर न्यूयॉर्क राज्य ओलांडावेच लागते. तिथल्या कायद्यातील दोन गोष्टी कुटुंबासह प्रवास करणाऱ्याला माहीत असायलाच हव्यात. पहिली, पिस्तुलात गोळी नसली तरी ते आणि त्यात चालणाऱ्या गोळ्या एकाच माणसाजवळ असतील, तर ते पिस्तूल भरलेले समजले जाते, आणि घराबाहेर भरलेले पिस्तूल बेकायदा बाळगण्याला किमान साडेतीन वर्षांची शिक्षा आहे. दुसरी, गाडीत पिस्तूल सापडले तर काही अपवाद वगळता ते गाडीतील प्रत्येकाच्या ताब्यात आहे असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक खोडून काढता येते, पण ते काम न्यायालयात होते, रस्त्याच्या कडेला नव्हे. पत्नी, मुले, मेव्हणे, भारतातून आलेले आईवडील, जो कोणी गाडीत असेल त्याच्यावर ही वेळ येऊ शकते.

मेव्हण्यांबद्दल अधिकच सावध राहायला हवे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने पिस्तूल किंवा गोळ्या बाळगणे हा संघीय गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. वैध शिकार-परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ताब्यात असणे म्हणजे हातात असणे एवढेच नव्हे. वस्तू कुठे आहे हे माहीत असणे आणि तिच्यावर ताबा चालवता येणे, एवढेही पुरते. त्यामुळे डिकीत पेटी असताना गाडी त्यांना चालवायला देऊ नका, पेटीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नका, आणि ‘जरा धरा’ म्हणून पिशवीसुद्धा सोपवू नका. ते सोबत असतील तर मी स्वतः पिस्तूल नेणार नाही, मग मार्ग कोणताही असो.

हे सारे वाचूनही पिस्तूल न्यायचेच असेल, तर मला एकच बरा मार्ग दिसतो. एडिसनची भेट वेगळी करा आणि त्या वेळी पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवा. न्यू हॅम्पशायरला जाताना न्यू जर्सी टाळून पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनवरून इंटरस्टेट ८४ हा महामार्ग घ्या. त्या रस्त्याने न्यूयॉर्क राज्यात सुमारे ७० मैलच जावे लागते आणि न्यूयॉर्क शहर लागत नाही. पहाटे निघालात तर एका दिवसात पोहोचता येते, त्यामुळे वाटेत मुक्काम करू नका. पिस्तूल रिकामे करून एका कुलूपबंद पेटीत आणि गोळ्या दुसऱ्या कुलूपबंद पेटीत घालून दोन्ही डिकीत ठेवा. वाटेतल्या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर (पिस्तुलात गोळ्या भरण्याच्या खणावर) निर्बंध आहेत, आणि संघीय तरतुदीत मॅगझिनचा उल्लेखच नाही, म्हणून दहाच्या आतले मॅगझिन न्या. होलो-पॉइंट (टोक पोकळ असलेल्या) गोळ्यांबाबत न्यू जर्सीचे स्वतंत्र निर्बंध आहेत. कधी अपघातामुळे वा रस्ता बंद असल्यामुळे तिकडे वळावे लागलेच तर नवी अडचण नको, म्हणून त्या घरीच ठेवा. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग या कामाला वापरली तर तीच बॅग पुढे भारतात जाताना कधीही वापरू नका, कारण कप्प्यात राहून गेलेले एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडले तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

वाटेत पोलिसांनी अडवले तर खोटे बोलू नका. झडतीला संमती देणे बंधनकारक नसते, आणि तसे नम्रपणे सांगता येते. पिस्तूल जवळ असल्याचे स्वतःहून सांगण्याचा नियमही राज्यागणिक वेगळा आहे : मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिनात परवानाधारकाने ते लगेच सांगावे लागते, टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितल्यावर परवाना दाखवावा लागतो. दुसऱ्या एखाद्या प्रवासाला निघालात तर त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या किंवा राज्य पोलिसांच्या अधिकृत माहितीवरून हे आधी पाहून घ्या. मित्राच्या सांगण्यावर किंवा कुठला परवाना कुठे चालतो याच्या जुन्या नकाशावर विसंबू नका.

एडिसनला तुमचे नेहमीच जाणे असेल, तर ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीचा परवाना परराज्यातील रहिवाशालाही मागता येतो. त्यासाठी प्रशिक्षण, चार ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ आणि बराच धीर लागतो, आणि परवाना मिळाल्यावरही कुठे पिस्तूल नेता येत नाही याची यादी मोठी आहे. पण हा सरळ मार्ग आहे, आणि सावकाश का होईना, तो घ्यावा असे मी सुचवीन.

न्यू हॅम्पशायरमध्ये पोहोचल्यावर चित्र बदलते. तिथे २०१७ पासून, कायद्याने शस्त्र बाळगू शकणाऱ्या व्यक्तीला, ती परराज्यातील असली तरी, परवान्याची गरज नाही. तरीही संघीय शाळा-परिसर कायदा लागू राहतो : शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत भरलेले पिस्तूल नेण्याची सूट त्याच राज्याने परवाना दिलेल्या व्यक्तीला आहे, आणि तुमचा परवाना पेनसिल्व्हेनियाचा आहे. लहान गावांत शाळा मुख्य रस्त्यालगतच असते, त्यामुळे ही बाब कागदापुरती समजू नका. न्यू हॅम्पशायर परराज्यातील रहिवाशांनाही परवाना देते. निघण्यापूर्वी तो मिळवणे उत्तम. व्हाइट माउंटन्सच्या राष्ट्रीय वनातही संघीय सरकारच्या इमारतींत पिस्तूल नेण्यास मनाई आहे, म्हणून माहिती केंद्रात शिरण्यापूर्वी दारावरची पाटी पाहा. परतताना पिस्तूल रिकामे करून दोन्ही पेट्यांना कुलूप लावण्याचे काम मुक्कामाच्या जागीच उरका. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याविना पिस्तूल बाळगण्याला किमान १८ महिन्यांची कैद आहे, आणि हद्द ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून हे करणे म्हणजे त्याच कलमात सापडणे होय.