दोन महिन्यांत सव्वा किलो: चालणे सोडावे का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: वय ४१, बैठी नोकरी, दोन महिन्यांपूर्वी वजन ७८ किलो. तेव्हापासून आठवड्यातले सहा दिवस सकाळी पाऊण तास भरभर चालणे नेमाने सुरू आहे, खाण्यात मुद्दाम काही बदल केलेला नाही, आणि काटा जेमतेम ७६.८ वर आला आहे. अशा वेळी चालणे सोडून, महिन्याला पाच किलो उतरवून देण्याची हमी देणाऱ्या कार्यक्रमाला पैसे भरावेत का? प्रश्नाच्या अखेरीस, जाता जाता, आपण असेही लिहिले आहे की हल्ली रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते आणि मुलांवर ओरडणे कमी झाले आहे. मला हे शेवटचे वाक्य साऱ्या प्रश्नात मोलाचे वाटले. पण आधी वजनाचा हिशोब करू, कारण त्यात आपण स्वतःवर अन्याय करीत आहात.

एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. ७८ किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सपाट रस्त्यावर पाऊण तास चालली, तर नुसते बसून राहण्यापेक्षा तिच्या सुमारे दीडशे कॅलरी जास्त खर्च होतात. मनगटावरची यंत्रे याहून मोठा आकडा दाखवतात, कारण तेवढा वेळ स्वस्थ बसून काढला असता तरी जो खर्च झालाच असता, तोही बहुधा त्यात धरलेला असतो. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे नऊशे कॅलरी, आणि ७,७०० ला नऊशेने भागले की साडेआठ आठवडे येतात. म्हणजे आहार तोच ठेवून केवळ चालण्याने दोन महिन्यांत एक किलो उतरणे हा अपेक्षित वेग आहे, आणि आपले त्याहून थोडे अधिकच उतरले आहे. आपल्या चालण्यात उणीव काहीच नाही. उणीव आहे ती चालण्याकडून काय मागावे हे आपल्याला कोणी नीट न सांगण्यात.

आता महिन्याला पाच किलोंचे पाहा. पाच किलो चरबी म्हणजे ३८,५०० कॅलरी, म्हणजे रोज जवळपास तेराशे कॅलरींची तूट. आपल्या बांध्याच्या आणि बैठ्या कामाच्या स्त्रीचा दिवसभराचा एकूण खर्चच दोन हजारांच्या आगेमागे असतो, तेव्हा उरलेल्या सातशे कॅलरींवर घर, नोकरी आणि मुले सांभाळायची, असा त्या हमीचा अर्थ होतो. पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्याने खाली येतो हे खरे, परंतु त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने जी साखर साठलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पोटाला चिमटा घेतला की साखर आणि पाणी दोन्ही जातात, आणि पूर्ववत जेवण सुरू होताच दोन्ही परत येतात.

हे मी सोसून शिकले आहे. २०१५ साली माझे वजन ८१ किलो आणि कंबर ९८ सेंटिमीटर होती. रोज पहाटे पुण्याच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढायच्या, एवढेच मी ठरवले होते, आणि चौथ्या महिन्यात, केवळ दोन किलो उतरले म्हणून धीर सुटून, अशाच एका केंद्रात पैसे भरले. तिथे दिवसातून दोनदा पातळ पेय आणि तासभर उड्या मारण्याचा व्यायाम असे. पाच आठवड्यांत चार किलो उतरले आणि उजवा गुडघा सुजला. पुढचे दीड महिना मी जिना धरून उतरत होते, आणि दिवाळीपर्यंत चारच्या जागी पाच किलो परत आले होते. वजनापेक्षा मला लागून राहिले ते हे, की त्या दीड महिन्यात माझी पहाट हातची गेली आणि तिच्याबरोबर तोवर कमावलेली शांत झोपही गेली. त्यानंतर मी पुन्हा पर्वतीवर गेले ती एका वेळी निम्म्याच पायऱ्या चढत. पुढच्या पूर्ण वर्षात पाच किलो उतरले, त्यानंतरच्या वर्षात तीन, आणि तेव्हापासून वजन ७२ ते ७४ च्या दरम्यान टिकून आहे.

व्यायाम दुप्पट केला की वजनही दुप्पट वेगाने उतरेल, असे मात्र समजू नये. टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर कितीतरी अधिक चालतात. तरीही त्यांच्या शरीराचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराच्या आकारमानाचा फरक जमेस धरल्यास, बैठ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच भरतो, असे मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजून दाखवले. शरीर एकीकडे वाढलेल्या खर्चाची काही भरपाई दुसरीकडे काटकसर करून काढते, असा त्याचा अर्थ ते लावतात. बाकीची भरपाई आपण स्वतः करतो. पर्वतीच्या पायथ्याशी चहा आणि खाणे झाल्याशिवाय घरी न जाणारे कितीतरी गट मी रोज पाहते. एका वडापावात अडीचशे ते तीनशे कॅलरी धरल्या, तर आपले दोन दिवसांचे चालणे तिथेच फिटते. म्हणून वजन थोडे अधिक वेगाने उतरावे असे वाटत असेल, तर चालणे तेवढेच ठेवून जेवणात लहानसा बदल करावा: चहातली साखर, दुपारच्या चहाबरोबरचे फरसाण, रात्रीच्या भाताचा दुसरा वाढा. रोजच्या दोनशे कॅलरी एवढ्यातून निघतात, आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

कंबर मोजता का, हे आपण लिहिलेले नाही. आपल्याकडच्या लोकांसाठी मला ते माप वजनाहून खरे वाटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणातून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर सडसडीत दिसूनही पोटात चरबी बाळगून असू शकतो, म्हणूनच आपल्यासाठी कंबरेची मर्यादा स्त्रियांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर अशी कमी धरली जाते. याची दुसरी बाजू आशादायक आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात, आहार सुधारून नियमित चालणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि हे वजनात लक्षणीय घट झालेली नसताना घडले. काटा हलत नाही तेव्हाही आत काम चालू असते, हे मला या आकड्याने पटले.

आणि आता आपल्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते. नियमित व्यायामाने मन हलके होते हा नुसता समज नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्त रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीन वेळा व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालीन हे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. औषधाचा गुण आधी दिसू लागला, पण सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती, आणि दहा महिन्यांनी पाहिले तेव्हा व्यायामाने बऱ्या झालेल्यांत नैराश्य उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. हे सांगताना एक गोष्ट निक्षून सांगते: कोणी नैराश्याची गोळी घेत असेल, तर चालणे सुरू झाले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. उदासी दोन आठवडे हटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे आणि चालणे त्या उपचाराच्या जोडीला ठेवावे.

मन का सुधारते, याला एंडॉर्फिन, म्हणजे व्यायामात शरीरात स्रवणारे वेदनाशामक द्रव्य, एवढे एकच उत्तर पुरत नाही. रक्तातले एंडॉर्फिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही, आणि शरीरात तयार होणाऱ्या, भांगेतील घटकांसारख्या कॅनाबिनॉइड द्रव्यांचाही यात भाग असावा असे आता दिसू लागले आहे. माझ्यापुरते मी झोपेला अधिक श्रेय देते. पहाटेचा उजेड डोळ्यांवर पडला आणि अंग दमले, की रात्रीची झोप गाढ लागते. झोप झाली की दुसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून होणारी चिडचिड कमी होते, आणि संध्याकाळी थकून, कंटाळून डब्यांची झाकणे उघडत फिरणेही कमी होते. वजन आणि मन हे आपण दोन वेगळे लाभ मानता आहात, पण घरात ते असे एकमेकांत गुंतलेले असतात. मनाला मिळणारा गुण त्याच दिवशी हाती येतो, वजनाचा गुण काही महिन्यांनी. आणि तो उशिराचा गुण येईपर्यंत माणसाला रोज पहाटे उठवण्याचे काम पहिला करीत असतो. उतरलेले वजन टिकण्यासाठी तर हे फारच आवश्यक आहे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवले. त्यांतील सुमारे नव्वद टक्के लोक व्यायाम करतात, आणि तो सरासरी रोज तासाभराचा असतो. महिन्याभराच्या हमीतून अशी सवय हाती लागत नाही.

पुढे काय करावे, तर चालणे आहे तसेच चालू ठेवावे. आठवड्याला आपली २७० मिनिटे होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटे सांगते, तेव्हा त्यात भर घालण्याची घाई नको. कमतरता आहे ती स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची, जो तीच संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते आणि चाळिशीनंतर, विशेषतः वजन उतरत असताना, मला तो सोडून चालण्यासारखा वाटत नाही. त्यासाठी तालमीतल्या जोर-बैठकाच हव्यात असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला किंवा भिंतीला हात लावून जोर, आणि अंगाला जमतील तेवढे संथ सूर्यनमस्कार यांनी सुरुवात होते. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट रिकामे असताना उभे राहावे, आणि पाळीच्या आसपास शरीर पाणी धरून ठेवते म्हणून एका महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून पाहावा. चालताना छातीत दडपण येणे, दम फार लागणे किंवा भोवळ येणे असे काही झाल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. वही ठेवत असाल तर कंबरेच्या मापाशेजारी, रात्री झोप कशी लागली आणि दिवस कसा गेला, हे दोन शब्दांत लिहीत जावे. माझ्या वहीत वजनाचा आकडा पाच-पाच आठवडे जागचा हलत नसे, तेव्हा मला बाहेर काढले ते त्या शेजारच्या रकान्याने.

पावसाळ्याचीही सोय आताच करून ठेवावी. गुडघ्याच्या त्या दुखण्यानंतर माझी सवय दोन वेळा मोडली आणि दोन्ही वेळा ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सलग तीन दिवस पाऊस लागून राहिल्यावर मोडली. आता त्या दिवसांत मी त्याच वेळी उठून, तेच बूट घालून आमच्या इमारतीचे चार मजले वीस मिनिटे सावकाश चढ-उतार करते; गुडघा दुखावलेल्यांनी उतरताना शक्य असल्यास लिफ्ट घ्यावी. वीस मिनिटांत वजनाच्या दृष्टीने फारसे काही साधत नाही, पण पाऊस उघडेल त्या दिवशी घराबाहेर पडणे जड जात नाही.