साध्या सर्फबोर्डाला हायड्रोफॉइल बसवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा फूट दोन इंचांचा वापरलेला सर्फबोर्ड नागपुरात घरी आहे, फॉइलचा संच (पाण्याखाली राहून बोर्डाला वर उचलणाऱ्या विंग, म्हणजे पंख, आणि त्यांना बोर्डाशी जोडणारा उभा दांडा, म्हणजे मास्ट) हाती आला आहे, दिवाळीनंतर मालवणला न्यायचा विचार आहे, तर फिन (शेपटीखालचे पाते) काढून त्याच जागी फॉइल बसेल का आणि हे काम नागपुरात होईल का. काम नागपुरात व्यवस्थित होते. फिनच्या जागी मात्र फॉइल बसवू नका. तिथे ते टिकणारही नाही आणि चालणारही नाही. मी हिंगणा एमआयडीसीत फायबरच्या कामात आहे आणि किनाऱ्यावरच्या मित्रांचे बोर्ड दुरुस्तीसाठी व अशा बदलांसाठी माझ्याकडे येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा प्रश्न भाराचा आहे. फिन बोर्डाला दिशा देते, वजन उचलत नाही. फॉइलवर मात्र बोर्ड आणि त्यावरचा माणूस या दोघांचे संपूर्ण वजन येते, आणि तेही लांब मास्टच्या टोकावरून. मास्ट ७५ सेंटीमीटरचा धरा. वळताना किंवा पडताना त्याच्या खालच्या टोकाला ३० किलोचा आडवा धक्का बसला, तर त्याला आवरणाऱ्या दोन ट्रॅकमधले (बोर्डाच्या बुडात बसवलेल्या, मास्टची प्लेट ज्यांत बोल्टने कसतात त्या खाचेच्या पट्ट्यांमधले) अंतर असते फक्त ९ सेंटीमीटर. ३० गुणिले ७५ भागिले ९ केले की एका बाजूचा ट्रॅक उपटू पाहणारा जोर २५० किलोंच्या घरात जातो. सर्फबोर्डाच्या आतला फोम मात्र उघडा करून अंगठ्याने दाबला तरी खड्डा पडावा इतका मऊ असतो. बोर्डाची ताकद असते ती वरच्या आणि खालच्या फायबरच्या पातळ थरांत. म्हणून फॉइलचा भार फोमवर न सोडता या दोन्ही थरांपर्यंत पोहोचवणे, हेच या कामाचे सार आहे. नुसते स्क्रू मारून किंवा फोममध्ये रेझिन ओतून बसवलेला ट्रॅक काही काळ घट्ट वाटतो, आणि मग एके दिवशी बुडाच्या सालीसकट निघून येतो.

सुरुवात बोर्ड ओळखण्यापासून करा. आत थर्माकोल आहे की पीयू (पॉलियुरेथेन) फोम, हे कळल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नका. फिनजवळ एखादी जुनी खोक किंवा तडा असेल तर तिथे फोम दिसतो: गोल दाणे दिसले तर थर्माकोल, दाणे नसलेला आणि जुना होऊन पिवळसर पडलेला असेल तर बहुधा पीयू. आपल्याकडे कूलरच्या बॉडी आणि पाण्याच्या टाक्या करणारे फायबरचे कारागीर भरपूर आहेत आणि त्यांचा हात उत्तम असतो, पण त्यांचे रोजचे काम पॉलिस्टर रेझिन आणि मॅटचे (न विणलेल्या, विस्कळीत फायबर धाग्यांच्या चादरीचे) असते. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरीन थर्माकोलला अक्षरशः विरघळवून टाकते. दोन्ही प्रकारच्या बोर्डांवर चालते ते इपॉक्सी, त्यामुळे कारागिराला इपॉक्सीच वापरायला सांगा, आणि मॅटऐवजी विणलेले फायबर कापड द्या. साध्या मॅटमधले धागे धरून ठेवणारा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळावा असाच बनवलेला असतो, इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही आणि मॅट भिजत नाही.

आता जागा. सर्फबोर्डाचे फिन शेपटीच्या अगदी जवळ असतात, आणि तिथे फॉइल लावले तर उचल तुमच्या मागच्या पावलाच्याही मागे येते. वेग घेताच शेपूट वर आणि नाक पाण्यात जाते. फॉइलची पुढची विंग दोन पावलांच्या मधोमध आणि मास्ट मागच्या पावलाच्या किंचित पुढे यायला हवा. बोर्ड गादीवर ठेवून, गुडघे वाकवून, खरोखर उभे राहता तसे उभे राहा आणि पावलांच्या खुणा करा. तुमच्या लांबीच्या बोर्डावर मास्टचा मध्य शेपटीपासून साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटरवर येईल. याला आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सर्फबोर्डाचे बूड शेपटीकडे वर वळलेले असते. त्या वळणावर प्लेट बसली की फॉइल बोर्डाच्या तुलनेत नाक खाली करून बसते, आणि मग उडताना बोर्डाचे नाक सतत वर उचलून धरावे लागते. पुढे सरकल्यावर बूड बरेच सपाट मिळते. उरलेला थोडा कोन प्लेटखाली पातळ पाचर घालून काढता येतो.

त्या जागी बोर्डाची जाडी ५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, तर माझे स्पष्ट मत आहे की हा बोर्ड कापू नका. तसेच हातात वाऱ्यावर ओढणारी विंग (शिडासारखा पंख, फॉइलची विंग नव्हे) धरून शिकायचा बेत असेल तरीही नको, कारण अशा बोर्डाचे आकारमान साधारण ३० लिटरच्या आसपास असते आणि थांबलेल्या बोर्डावर ७०-८० किलोचा माणूस उभा राहिला की तो बुडतो. लाटेवर किंवा बोटीमागे दोरीने ओढून शिकायचे असेल तर मात्र तो उपयोगी आहे.

कापण्यासाठी नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणून मध्यरेषा काढा. या रेषेवर बहुतेक बोर्डांत लाकडाची उभी पट्टी असते. एकच मोठा चौकोन कापला तर ती पट्टी तुटते, म्हणून मी दोन ट्रॅकसाठी पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे खाचे घेतो. राउटरने (खाचा कोरण्याच्या यंत्राने) बुडाकडून सुरुवात करून वरच्या थराच्या आतल्या बाजूपर्यंत फोम काढायचा, पण वरचा थर फोडायचा नाही. त्या खाचांत जास्त घनतेच्या पीव्हीसी फोमचे ठोकळे इपॉक्सीने बसवायचे. घनमीटरला ८० किलो घनतेचा फोम चालतो. हा नागपूरच्या इतवारी बाजारात मिळणार नाही, मुंबई-पुण्याच्या कंपोझिट साहित्याच्या विक्रेत्यांकडून मागवावा लागेल. त्याऐवजी प्लायवूड घालण्याचा मोह टाळा, कारण एखाद्या बारीक तड्यातून पाणी शिरले की ते आतल्या आत फुगते. ठोकळे पक्के झाले की त्यांत ट्रॅकसाठी खाचा घ्या. ट्रॅक चिकटवताना ते फॉइलच्या प्लेटलाच बोल्टने कसून ठेवा आणि त्यांच्या फटीवर टेप लावा. रेझिन सुकेपर्यंत प्लेटच दोन्ही ट्रॅक समांतर आणि नेमक्या ९ सेंटीमीटरवर धरून ठेवते. ट्रॅक मध्यरेषेला किंचित जरी तिरके बसले तरी बोर्ड कायम एका बाजूला ओढत राहतो, आणि मग त्यावर काही उपाय उरत नाही. त्यानंतर बुडावर २०० ग्रॅम (चौरस मीटरला) फायबर कापडाचे तीन-चार थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठा ठेवा, आणि वरच्या बाजूला मागच्या पावलाखाली दोन थर द्या.

दिवाळीनंतर जायचे असेल तर काम ऑक्टोबरमध्ये करा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तेव्हा इपॉक्सी कापडात मुरण्याआधीच भांड्यात उकळू लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेत सुकणाऱ्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, जो पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. कोणत्याही महिन्यात करा, पण संथ हार्डनर घ्या, रेझिन आणि हार्डनरचे वजन डिजिटल काट्यावर करा, मिश्रण खोल भांड्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता, आणि काम संध्याकाळी, तापमान उतरत असताना सुरू करा. सकाळी केले तर ऊन चढेल तशी फोममधली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे येतात.

सात दिवस सुकू दिल्यावर पाण्यात नेण्याआधी घरीच परीक्षा घ्या. बोर्ड गादीवर उलटा ठेवा, दोघांना तो धरायला सांगा, मास्ट लावून त्याच्या टोकाला सामान तोलायचा लटकता काटा अडकवा आणि ३० किलोपर्यंत आडवे ओढा, दोन्ही बाजूंना. कर्र असा आवाज आला किंवा प्लेटच्या कडेने पांढरी रेघ उमटली, तर तिथला थर सुटला आहे. तो काढून पुन्हा करावा लागेल.

नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर सराव करण्याचा विचार करू नका. जलपर्णीचा एक धागा विंगला गुंडाळला तरी उचल जाते, आणि उथळ पाण्यात माणूस थेट फॉइलच्या धारेवर पडतो. मालवणलाही हेल्मेट आणि धक्का झेलणारे जाड जॅकेट घालूनच, निदान छातीपेक्षा खोल आणि पोहणाऱ्यांपासून लांब असलेल्या पाण्यात उतरा. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर बोल्ट काढून गोड्या पाण्याने धुवा आणि ग्रीस लावून ठेवा, कारण खाऱ्या पाण्यात स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमच्या मास्टला असे धरतात की नंतर ते निघतच नाहीत. पुसून झाल्यावर ट्रॅकच्या चारही कोपऱ्यांवरून नख फिरवा. एखादी बारीक चीर हाताला लागली, तर त्या दिवशी बोर्ड परत पाण्यात नेऊ नका.