धाबं, ओटा आणि रस्त्याची उंची: जुन्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुन्या पेठेतलं आमचं धाब्याचं घर दर पावसाळ्यात गळतं. मिस्त्री म्हणतो, वरून सिमेंटचा कोबा मारून टाका. मारावा का? (अमळनेर)

मारू नका. धाबं म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. ही माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते. सिमेंट तिच्यासोबत हलत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात कोब्याला बारीक चिरा जातात. त्यातून पाणी आत उतरतं आणि वाळायला त्याला वाट राहत नाही. वरवर गळती थांबल्यासारखी दिसते, तोवर भिंतीत गेलेली कड्यांची, म्हणजे छपराच्या लाकडी तुळयांची, तोंडं कुजत असतात.

गळतीचं मूळ बहुतेकदा वजनात असतं. जुनी माती न काढता दरवर्षी वर नवा थर चढतो. घनफुटाला 45 ते 50 किलो धरा. 10 बाय 10 फुटांच्या खणावर, म्हणजे खांबांमधल्या एका भागावर, 6 इंच माती म्हणजे सव्वादोन ते अडीच टन. थर दीड फुटाचा झाला की सात टन, तेही कोरड्या मातीचे. कड्या मधोमध झोल खातात आणि पाणी पन्हळीकडे जायचं सोडून खणाच्या मध्यावर साचतं.

काम चैत्र-वैशाखात काढा. आधी खालून टेकू द्या, मग वरची माती काढा. आणि एका वेळी एकच खण उघडा. भिंतीत गेलेल्या प्रत्येक टोकात स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला, तर ते टोक गेलं. अशा वेळी अख्खी कडी फेकायचं कारण नाही. कुजका भाग कापून दोन्ही अंगांना सागाचे जोड बोल्टने आवळता येतात. टोकाभोवती बोटभर फट मोकळी ठेवा. ती सिमेंटने बुजवली की कुजणं पुन्हा सुरू. मग फळ्या, कडुनिंबाचा पाला आणि वर चाळलेली पांढरी माती, दोन-दोन इंचांनी चोपत 6 इंचांपर्यंत. उतार चार फुटांना एक इंच. शेतातली काळी माती चालत नाही, ती उन्हात उकलते.

काढलेली माती चाळून बरीचशी परत वापरता येते, आणि तेच बरं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून परस्पर माती उचलू नका. खानदेशातल्या प्रकाशे आणि बहाळ इथल्या अशाच टेकाडांत ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली आहे.

प्रश्न: शेजाऱ्यांनी त्यांचा वाडा पाडला. आमची सामायिक भिंत उघडी पडली, आणि आता नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. घर पाडावंच लागेल का? (चोपडा)

नोटीस बहुधा 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 195 खाली असेल. तिचा रोख धोका दूर करण्यावर असतो, आणि धोका दुरुस्तीनेही दूर होतो. पण हे लेखी सांगावं लागतं, तेही नोटिशीतल्या मुदतीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी अहवाल घ्या, दुरुस्तीचा नकाशा जोडा, पोच घ्या. गप्प बसलात तर कागदोपत्री घर धोकादायकच राहतं.

भिंतीचं काम मात्र उत्तराची वाट न बघता सुरू करा. ओळीतली घरं एकमेकांना रेटून उभी असतात. मधलं एक गेलं की उरलेल्यांची भिंत त्या बाजूला कलते. तिरके लाकडी टेकू दर पाच-सहा फुटांवर एक असे लावा; वरचं टोक कड्यांच्या पातळीला हवं, भिंतीच्या मधोमध नको. कच्च्या विटांचा भाग मृगाआधी ताडपत्रीने झाका. गिलावा चुन्याचाच हवा, एक भाग चुना व तीन भाग वाळू. पण तो दिवाळीनंतर. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात चुना मुरण्याआधीच वाळतो आणि हाताला भुकटी लागते.

शेजारी पायासाठी तुमच्या भिंतीला लागून सलग चर खोदणार असतील, तर ते आधी थांबवा. जुन्या घरांचा पाया उथळ असतो. चार फुटांचा एक तुकडा खोदून, भरून, मग दुसरा; असंच झालं पाहिजे.

प्रश्न: गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्यांची एक उरली. (शिरपूर)

जुना थर न उखडता त्यावर नवा ओतला, की दर वेळी सहा-आठ इंच जातात. पाणी उंबऱ्याशी येतं, भिंतीत ओल चढते, खांबाच्या तळखड्याशी वाळवी लागते. पुढचं काम निघण्याआधीच गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या करून मागणी द्या: जुना थर काढा आणि तयार रस्त्याची पातळी आहे तीच ठेवा. अंदाजपत्रकात खोदाईची बाब नसेल तर ठेकेदार ती करणार नाही, म्हणून अंदाजपत्रकाची प्रत आधी पाहा.

प्रश्न: पणजीतल्या फोंतेन्हास या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीसारखी आमची गल्ली रंगवून घ्यावी म्हणतो. पर्यटकही येतील. (धुळे)

रंग शेवटी. आधी ओट्यांची ओळ, मजल्यांची उंची आणि उभ्या खिडक्या जपा. एका घराने ओटा तोडून शटर बसवलं की रंगाने ते झाकत नाही. कोरीव सागावरचे फ्लेक्स उतरवा. मागे पाणी अडून लाकूड काळं पडतं.

भिंतींना ऑइलपेंट नको, पापुद्रे सुटतात. विरवलेला चुना, किलोला पाच लिटर पाणी, कापडातून गाळून थोडा डिंक. पातळ तीन हात. रंग हवा तर गेरू, पिवळी माती किंवा नीळ, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी.

जतन करायच्या जुन्या इमारतींची जी वारसा यादी असते, तिची तिसरी श्रेणी अशाच, रस्त्याच्या एकूण रूपाला महत्त्वाच्या घरांसाठी असते. तीत आतले बदल परवानगीने करता येतात, त्यामुळे ‘यादीत गेलो की खिळाही ठोकता येणार नाही’ ही भीती पोकळ आहे. महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील, तेव्हा एका घराऐवजी दोन्ही बाजूंची पूर्ण गल्ली सुचवा. सोबत प्रत्येक घराचा समोरून काढलेला फोटो आणि सिटी सर्व्हे नंबर द्या.