अंटार्क्टिकात हिवाळ्यात कोण मोजतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावर लेख आला होता, त्यानंतर बरेच प्रश्न आले आणि बहुतेकांचा रोख एकच, की एवढ्या लांब, एवढ्या थंडीत ही सगळी माहिती गोळा तरी कशी करतात. त्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न: मी नववीत आहे. संशोधक चार हजार मीटर खोलवरचं पाणी वर आणतात असं वाचलं. पण वर येता येता त्यात वरचं पाणी मिसळत नाही का?

नाही मिसळत, आणि त्यामागची युक्ती तुला लगेच कळेल. एक मोठी गोल चौकट असते, तिच्या कडेने २४ किंवा ३६ उभ्या बाटल्या बसवलेल्या असतात, बाटल्या कसल्या, दोन्ही तोंडं उघडी असलेल्या जाड नळ्याच म्हण ना. चौकट केबलला लावून खाली सोडली की पाणी त्यांच्यातून आरपार जात राहतं. चौकटीच्या तळाशी तापमान, खारटपणा आणि खोली मोजणारे सेन्सर असतात (या सगळ्याला मिळून सीटीडी म्हणतात) आणि त्यांचे आकडे त्याच केबलमधून वर जहाजावरच्या स्क्रीनवर येत असतात. तळाजवळ पोचेपर्यंत ग्राफ बघून ठरवायचं की कुठल्या खोलीवरचं पाणी हवंय, आणि मग वर येताना त्या त्या खोलीवर थांबून कमांड द्यायची, की त्या बाटलीची दोन्ही झाकणं फटकन बंद. आत अडकलेलं पाणी त्याच खोलीवरचं. चार हजार मीटरची अशी एक फेरी म्हणजे तीनेक तास सहज जातात, आणि या सगळ्या वेळात जहाज एका जागी धरून ठेवायचं, तेही वारा आणि लाटांत.

खरी धावपळ चौकट डेकवर आल्यावर सुरू होते. बाटलीचा नळ उघडला की आत हवा शिरते, म्हणून विरघळलेल्या वायूंचे नमुने आधी घ्यायचे, ऑक्सिजन तर अगदी सुरुवातीला, आणि मीठ मोजायचं पाणी शेवटी, कारण त्याला घाई नसते. ऑक्सिजनच्या नमुन्यात तिथल्या तिथे दोन रसायनं घालून त्यातला ऑक्सिजन बांधून टाकतात. आता तू म्हणशील सेन्सर आहे तर बाटल्या कशाला, तर सेन्सरचं वाचन हळूहळू सरकत जातं आणि ते सरकलंय हे सेन्सर स्वतः सांगत नाही, बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेत मोजलं की कळतं. त्यात थंडी अशी, की समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास गोठतं आणि डेकवरची हवा त्याहून कितीतरी थंड असू शकते, सेन्सरमधल्या काचेच्या बारीक नळीत पाणी राहिलं आणि गोठलं तर नळी तडकते. म्हणून चौकट पाण्याबाहेर आली की तिला लवकरात लवकर आत उबेला न्यायचं.

प्रश्न: हिवाळ्यात तिथे जहाजं जात नाहीत म्हणतात. मग वर्षातले निम्मे महिने आपल्याला काहीच कळत नाही का?

तुम्ही अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवती साधारण ३० लाख चौरस किलोमीटर समुद्री बर्फ असतो, सप्टेंबरात तो १.८ कोटीच्या आसपास जातो. बहुतेक जहाजं डिसेंबर ते मार्च एवढ्यातच कामं उरकतात, त्यामुळे कितीतरी दशकं आपल्याकडे जो डेटा होता तो मुख्यतः उन्हाळ्याचा. आणि गंमत बघा, तळाकडे जाणारं जड, थंड पाणी तयार होतं ते हिवाळ्यातच, बर्फ गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं तेव्हा. म्हणजे मुख्य घटना घडते तेव्हाच आपण गैरहजर.

ही पोकळी दोघांनी भरायला घेतली. पहिले आर्गो फ्लोट. माणसाच्या उंचीचे सिलिंडर, जगभरात सुमारे ४००० आहेत, १००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन मोजत मोजत वर येतात आणि सॅटेलाइटला आकडे पाठवून परत बुडतात. बर्फाच्या भागात वर आले तर आपटून फुटायचे, म्हणून त्यांना एक शहाणपण शिकवलंय, पृष्ठभागाजवळ आल्यावर पाणी गोठणबिंदूच्या जवळ वाटलं तर वर बर्फ असणार असं समजून मागे फिरायचं आणि आकडे पोटात साठवून ठेवायचे, बर्फ हटला की सगळे एकदम पाठवायचे. फक्त मधल्या महिन्यांत फ्लोट नक्की कुठे होता हे अंदाजानेच भरावं लागतं, आणि तो अंदाज आहे ही खूण डेटात ठेवावीच लागते.

दुसरे म्हणजे एलिफंट सील, समुद्रात पोहून शिकार करणारे अजस्र सस्तन प्राणी. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट हीच आहे. डोक्यावरच्या केसांना एक छोटा टॅग चिकटवतात, त्यात छोटं सीटीडी असतं, आणि सील आपला नेहमीसारखा जेवण शोधायला पाचसहाशे मीटर खाली जातो, कधी त्याहून बरंच खोल, दिवसातून कितीतरी वेळा, बर्फाच्या फटींमधून सुद्धा. श्वासाला वर आला की टॅग सॅटेलाइटला माहिती पाठवतो. पूर्व अंटार्क्टिकात केप डार्नलीजवळ असं तळाकडे जाणारं जड पाणी तयार होतं हे २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात पक्कं झालं, त्यात समुद्रतळावर दोराने बांधून ठेवलेली उपकरणं होती आणि या सीलांचे आकडेही होते. त्याआधी वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अडेली किनारा अशा तीनच जागा माहीत होत्या, ही चौथी. जिथे जहाज पोचत नव्हतं तिथे सील आधीपासून जेवत होता.

प्रश्न: पण त्या मुक्या प्राण्याच्या डोक्यावर यंत्र चिकटवणं क्रूरपणा नाही का?

हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, तो विचारलाच पाहिजे. टॅग अर्ध्या किलोच्या आसपास, सील शेकडो किलोंचा, टॅग कातडीला नाही तर केसांना चिकटवतात आणि वर्षाला केस गळतात त्यांच्यासोबत तो पडून जातो. पण बसवताना बहुतेक वेळा गुंगीचं औषध द्यावं लागतं आणि त्यात धोका असतोच. म्हणून परवानगी लागते, किती प्राण्यांना लावायचं यावर मर्यादा लागते. माझं मत विचाराल तर फायदा मोठा आहे म्हणून ही मर्यादा सैल करू नये.

प्रश्न: क्रिल मोजतात म्हणे, ते कसं? बोटभर किडे, तेही समुद्रात!

किडे नाहीत हो, कोळंबीचे लांबचे भाऊबंद, सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. एकेक मोजत नाहीत, आवाजाने मोजतात. जहाजाच्या तळातून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे आवाज खाली सोडायचे, ३८ आणि १२० किलोहर्ट्झ हे नेहमीचे, क्रिलच्या थव्यावरून परत येणारा प्रतिध्वनी या दोन्हींत वेगळा असतो आणि त्या फरकावरून थवा क्रिलचा की माशांचा हे ओळखायचं. मग जाळं टाकून खात्री करायची आणि लांब्या मोजायच्या, कारण क्रिल केवढा आहे हे कळल्याशिवाय प्रतिध्वनीवरून टन काढता येत नाहीत. मोहिमेत एखाद्या शांत खाडीत थांबून जहाजाखाली धातूचा एक छोटा गोळा टांगतात, त्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे आधीच माहीत असतं, त्यावरून यंत्र तपासतात. हे केलं नसेल तर सगळ्या प्रवासाच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं कठीण.

तरी त्रुटी राहतात, जहाजाच्या तळाच्या वरच्या काही मीटरमधला क्रिल दिसत नाही, बर्फाखालचा दिसत नाही, आणि जाळं येताना बघून बाजूला पळणारेही असतात. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला अनेक जहाजांनी मिळून केलेली मोठी मोजणी झाली २००० साली, तशी पुढची थेट २०१९ मध्ये, तिच्यात अंदाज आला सुमारे ६.२६ कोटी टन. क्रिल जगतो पाचसहा वर्षं, म्हणजे मध्ये तीनेक पिढ्या येऊन गेल्या. त्याच भागात क्रिल पकडायला वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा ठरवलेली आहे, एकूण साठ्यापुढे ती छोटी दिसते, पण बोटी सगळीकडे सारख्या फिरत नाहीत, जिथे पेंग्विन आणि देवमासे जेवतात त्याच जागांवर गोळा होतात. त्यामुळे एकूण आकडा बघून निवांत होण्यात अर्थ नाही, जागेनुसार आणि दरवर्षी मोजायला हवं, आणि माझ्या मते यावरचा खर्च आत्ता होतो तो अपुरा आहे.

प्रश्न: दरवर्षी त्याच जागी जाऊन तेच मोजायचं, हा पैशाचा अपव्यय नाही का? नवीन काहीतरी शोधा की.

साहेब, इथे मात्र तुमच्याशी अजिबात पटणार नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या अ‍ॅन्व्हर्स बेटावर पामर स्टेशन आहे, तिथे १९९० पासून एक दीर्घकालीन कार्यक्रम चालू आहे, दर उन्हाळ्यात जहाज जवळपास त्याच ठरलेल्या ठिकाणांवर जातं, पाणी, शेवाळ, क्रिल, पेंग्विन, सगळं मोजतं. स्टेशनजवळच्या बेटांवर १९७५च्या सुमारास अडेली पेंग्विनच्या १५,००० च्या आसपास जोड्या होत्या, त्या ८० टक्क्यांहून जास्त घटल्या, आणि जिथे अडेली कमी झाले तिथे बर्फ फारसा न लागणारे जेंटू पेंग्विन येऊन राहिले. एका वर्षाची मोजणी बघितली असती तर एवढंच कळलं असतं की इथे दोन जातींचे पेंग्विन आहेत.

आणि तेच मोजायचं म्हणजे त्याच पद्धतीने मोजायचं, हे त्याहून अवघड. अ‍ॅलिस्टर हार्डी या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञांनी १९२५ साली अंटार्क्टिकाच्या समुद्राकडे निघालेल्या डिस्कव्हरी मोहिमेसाठी एक यंत्र बनवलं होतं, जहाजामागे ओढायचं, आत रेशमी कापडाची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि पाण्यातले बारीक जीव तिच्यावर अडकतात. १९९१ पासून दक्षिण महासागरात त्याच तत्त्वावर पद्धतशीर सर्वेक्षण चालू आहे, अजूनही रेशीमच. आज त्याहून चांगल्या जाळ्या मिळतात, पण जाळीची भोकं बदलली की आलेला फरक समुद्रातला की कापडातला हे सांगता येणार नाही.

जाता जाता, कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय की हा डेटा आपल्याला मिळू शकतो का. मिळतो, फुकट मिळतो. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की वैज्ञानिक निरीक्षणं सगळ्यांना खुली ठेवायची. आर्गोचे बरेचसे आकडे तर मोजल्यापासून साधारण २४ तासांत नेटवर येतात. फक्त प्रोजेक्टसाठी उतरवून घेशील तेव्हा ग्राफ काढायच्या आधी क्वालिटी फ्लॅगचा रकाना बघ, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट, आणि बर्फाखालच्या महिन्यांत फ्लोटची जागा मोजलेली आहे की अंदाजाने भरलेली, तेही तिथेच लिहिलेलं असतं.