पान्हा माझा, प्रश्न तुमचे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे: अमुक नवी रिमोटवर चालणारी ऑफ-रोड गाडी आली आहे, घेऊ का? म्हणून या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवून आर.सी. (रिमोट कंट्रोलच्या) गाड्यांचीच पत्रं घेतली. नवीन वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, माझं परभणीत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. गाड्यांचा नाद माझ्या मुलाचा. तो पुण्याला शिकायला गेला, गाडी दुकानात राहिली, आणि पावसाळ्यातल्या एका रिकाम्या दुपारी मी ती उघडली. ती काही अजून पूर्ण मिटलेली नाही.

ताई, मी जिनिंगमध्ये कामाला आहे. बारा हजार साठवलेत. एक ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटारीची) बग्गी बघून ठेवली आहे, खोक्यावर ताशी सत्तर किलोमीटर लिहिलंय. मित्र म्हणतो दगड चढणारी क्रॉलर घे. पण क्रॉलर तर बैलगाडीसारखी चालते! काय करू? (सेलू)

बैलगाडीसारखी चालते, म्हणूनच आपल्या रानात चालते.

सत्तरचा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो कुठं मोजलाय ते विचारा. गुळगुळीत डांबर, काठोकाठ भरलेली बॅटरी, आणि पुष्कळदा खोक्यातला वेगळा, मोठा पिनियन (मोटारीच्या शाफ्टवरचा गिअर) लावून. ताशी सत्तर म्हणजे सेकंदाला एकोणीस मीटर. ब्रेक दाबायचं तुम्हाला सुचेस्तोवर गाडी शेजाऱ्याच्या बांधावर गेलेली असते.

या गाड्या ज्या जमिनीसाठी जन्मल्या, ती जमीन त्यांच्या अंगात असते. जपानच्या तामिया कंपनीनं १९७९ साली सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर काढल्या, त्या अमेरिकेतल्या वाळवंटात पळणाऱ्या फोक्सवॅगनच्या बग्ग्या बघून. मऊ वाळू, मोकळं रान. पुढं १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या आणि जगभरची पोरं या नादाला लागली. आजच्या नव्या बग्ग्या त्यांच्याच नाती-पणती: पोट जमिनीला लागलेलं, चाकं लहान, पळायला चपळ. आता हीच गाडी आपल्या काळ्या रानात एप्रिलमध्ये सोडा. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पुढचं चाक एकदा भेगेत गेलं की चाक तिथंच राहतं आणि उरलेली गाडी पुढं जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ज्वारी काढलेलं वावर होतं, धसकटं उभी होती, आणि मी मुलाची बग्गी सुसाट सोडली. कडाक्कन आवाज झाला. पुढचा आर्म (चाक धरणारा हात) मुळातून तुटला, शॉकअपचा दांडा वाकला, तेल मातीत. ज्यांच्याकडून आर्म मागवला त्यांनी आठ दिवसांनी पाकीट पाठवलं. त्यात दोन आर्म होते, दोन्ही डावीकडचे. तुटला होता उजवा.

क्रॉलरचं गणित निराळं. मोटार सावकाश, गिअर खूप उतरवलेला, आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल लॉक. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं की ड्रायव्हर डिफ-लॉकवर टाच देतो ना, तेच. इथं ती टाच कायमची दिलेली असते, म्हणून एक चाक हवेत लोंबकळलं तरी दुसरं ओढत राहतं. ट्रॅक्सासनं २०१७ मध्ये टीआरएक्स-४ आणली, तिच्यात लॉक रिमोटवरून लावता-काढता येतं. शिवाय चाकापाशी जास्तीचे गिअर घालून ॲक्सल चाकाच्या मध्याच्या वर उचललाय, त्यामुळं पोटाखालून दगड निसटतो. बारा हजारांत ती येणार नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर. बाहेरच्या गाडीचा भाव त्यामुळंच असा अंगावर येतो.

म्हणून नाव आणि वेग दोन्ही विसरा. दुकानदाराला चार वस्तू मागा: स्टिअरिंग नकल (पुढचं चाक वळवणारा सांधा), सस्पेन्शनची लिंक किंवा आर्म, स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटार). चारही त्याच्या फडताळात आत्ता असतील तर साधी १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) ब्रश मोटारवाली क्रॉलर घ्या आणि दोन हजारांचे सुटे भाग त्याच दिवशी उचला. “मागवून देतो” म्हणाला तर उठा. ती गाडी नवी असेपर्यंतच तुमची, मोडली की शोकेसची.

चालवायला जिंतूरकडं या. नेमगिरीच्या बाजूचा माळ क्रॉलरसाठीच केल्यासारखा आहे, काळा फत्तर आणि मुरूम. लेण्यांकडं मात्र गाडी न्यायची नाही, ते देवस्थान आहे.

आमच्याकडं बाभळी फार. आर.सी. गाडीचं चाक पंक्चर होतं का? (केज)

होत नाही. आत हवा भरलेली नसतेच, स्पंजाची कडी असते, आणि रिमला किंवा टायरला मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. काटा घुसला तर चिमट्यानं ओढा आणि चला. घाबरायचं ते दोऱ्याला. पोत्याची सुतळी, पतंगाचा मांजा, अंगणातले केस ॲक्सलला गुंडाळले की बेरिंगच्या आत शिरतात आणि चाक जाम होतं. दर रविवारी चाकं काढून ब्लेडनं साफ करा. काळी माती चिकटली तर ओली असताना चोळत बसू नका. वाळली की आक्रसते आणि खपल्या निघतात, मग जुन्या दातब्रशनं झटका.

माळेगावच्या यात्रेतून आठ वर्षांच्या मुलासाठी “रॉक क्रॉलर फोर बाय फोर” आणली. आठ दिवसांत बंद. दुरुस्तीवाले हात लावत नाहीत. महाग गाडीत असं वेगळं काय असतं? (कंधार)

भाऊ, दुकानात उभं राहून दहा सेकंदांत फरक कळतो. गाडी उचलून हातात धरा आणि रिमोटचं स्टिअरिंग अगदी थोडं, करंगळीभर फिरवा. पुढची चाकं थोडीच वळली तर ती छंदाची गाडी. खटकन पूर्ण वळली तर खेळणं. खेळण्यात सर्वो नसतो, बारीक मोटार किंवा कॉइल चाकांना इकडं नाही तर तिकडं फेकते. ॲक्सिलेटरचंही तसंच, एक तर बंद नाही तर सगळं चालू. त्यानं दगड चढता येत नाही, दगडाला धडक देता येते.

तुमची गाडी मी न बघता सांगते, मोटारीच्या शाफ्टवरचा प्लास्टिकचा पिनियन चिरला असेल. मोटारीचा आवाज येतो आणि चाक फिरत नाही ना? तो पिनियन सुटा मिळत नाही, म्हणून दुरुस्तीवाले टाळतात. त्यांची चूक नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे त्याच्यासाठी घ्याल त्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघाच. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. आणि बंद पडलेली गाडी फेकू नका. त्याला एक स्क्रूड्रायव्हर द्या आणि ती उघडू द्या. त्याचे पैसे तिथं वसूल होतील.

मी पण रिवाइंडिंगच शिकतोय. आर.सी. मोटारीवर २७ टर्न, ५५ टर्न असं लिहितात. ५५ वाली जास्त ताकदीची का? आणि ब्रशलेसवर ३३०० केव्ही म्हणजे काय? (जालना)

या पत्रासाठी तुला चहा लागू.

टर्न म्हणजे आपलेच वेढे, आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरणाऱ्या गाभ्याच्या) एकेका दाताभोवतीचे. क्रॉलरमध्ये आणि साध्या बग्गीत जी ५४० मापाची मोटार असते, तिचा व्यास ३६ मिलिमीटर, लांबी ५० च्या आसपास, आणि बहुतेक वेळा आत तीनच दाते. खाच तेवढीच, त्यामुळं वेढे कमी घातले तर तार जाड बसते, वेढे जास्त तर तार बारीक. हे तुला रोज हातानं कळतंय. कमी वेढ्यांची मोटार आरपीएम चढवते आणि करंट ओढते. जास्त वेढ्यांची सावकाश फिरते, पण तेवढ्याच करंटला जोर जास्त देते. २७ ही नेहमीची, ५५ दगड चढायची. “ताकदीची” हा शब्द सोड, कुठल्या कामाची ते विचार. विहिरीची मोटार आणि पिठाच्या गिरणीची मोटार यात ताकदीची कोणती, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा आपण काय म्हणतो?

केव्हीचं म्हणशील तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही डीपीवरची अकरा केव्हीची लाइन आठवली. हा तो किलोव्होल्ट नाही. मोकळी मोटार एका व्होल्टला किती आरपीएम देते, तो आकडा. ३३०० ला ७.४ व्होल्टच्या बॅटरीनं गुण: २४,४२०. आपली सबमर्सिबल तीन हजारांच्या आत फिरते. आता कळेल की बेरिंगमधला एक खडा काय करतो.

पुढचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असणार: घरी रिवाइंड करू का? मी केलं. २७ ची ३५ केली, तार मोजून, वार्निश मारून, सगळं साग्रसंगीत. टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला, करंट ठीक. मग गाडीत बसवली आणि पूर्ण दाबली. आधी गाडी थरथरायला लागली, कारण एका दात्यावर तार किंचित जास्त ओढली गेली होती आणि वजन सारखं नव्हतं. मग कम्युटेटरवरचं सोल्डर वितळून केसिंगच्या आत उडालं. पंपाच्या वेगाला जी चूक खपते ती इथं खपत नाही. जुन्या मोटारीवर हात बसवायला कर, गाडीत घालायला नवी आण.

मे महिन्यात गाडीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली. टाचणीनं हवा काढली तर चालेल का? (माजलगाव)

नाही! आधी ती टाचणी घरातल्या कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आत हवा नाही, पेट घेणारा वायू आहे.

माझीही फुगली होती. दुकानाला पत्र्याचं छप्पर, बाहेर बेचाळीस अंश, आणि पूर्ण भरलेली बॅटरी मी पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये विसरले. काढली तेव्हा पुरीसारखी टम्म. दोष बॅटरीचा नव्हता. लायपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो, आणि भरलेली बॅटरी उकाड्यात पडून राहिली की तिचा जीव जातो. ठेवायची तर ३.८ च्या आसपास. बॅलन्स चार्जरवर “स्टोरेज” हा पर्याय त्यासाठीच असतो, कुणी दाबत नाही. आणि चालवताना ३.३ च्या खाली जाऊ देऊ नका. गाडी मंदावली की “अजून एक फेरी” करायची नाही.

फुगलेली बॅटरी परत गाडीत नको. अंगणात, वाळू भरलेल्या मडक्यात ठेवून तिला गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब पूर्ण विझू द्या, रात्रभर तशीच राहू द्या, मग ई-कचरा घेणाऱ्याकडं. घंटागाडीत टाकू नका, तिथं दाबली गेली तर पेट घेईल.

चार्जिंगही मडक्यापाशीच, डोळ्यांसमोर. लाइट गेली म्हणून थांबायला नको, तुमच्या चार्जरवर ११ ते १८ व्होल्ट डीसी इनपुट लिहिलं असेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो मजेत चालतो.

ड्रोनसारखी गाडीची नोंदणी करावी लागते का? वडील नको म्हणतात. (दहावीची विद्यार्थिनी, उदगीर)

नाही. २०२१ चे ड्रोन नियम उडणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, आणि रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा विनापरवाना वापराचा आहे, तुमच्या घरचं वायफायही तिथंच चालतं. रस्त्यावर आणि दुसऱ्याच्या वावरात चालवायची नाही, एवढं पाळ. वडिलांचा नकार नोंदणीसाठी आहे की दहावीसाठी, ते मात्र तुझं तू बघ.

लातुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मैदान नाही, वेळ रात्री दहानंतर. नव्या छोट्या क्रॉलर घरात चालतात म्हणे? (लातूर)

चालतात, आणि नव्या गाड्यांत मला मनापासून आवडलेलं काही असेल तर हेच. ॲक्सियलची एससीएक्स-२४ ही १/२४ मापाची, तळहातावर मावते. ट्रॅक्सासची टीआरएक्स-४एम २०२२ मध्ये आली, ती १/१८. दोन्ही खऱ्या क्रॉलर आहेत, सर्वो, चारही चाकांना ओढ, सुटे भाग मिळणाऱ्या. आवाज एवढासा की शेजारी दार वाजवणार नाहीत. एकच खोड: एवढ्या लहान गाडीचं वजन वर असतं, कपारीवर आडवी गेली की लगेच कलंडते. चाकांत पितळेची वजनं बसवली की पाय रोवून उभी राहते.

चढायला विकतचे प्लास्टिकचे दगड घेऊ नका. मी दुकानात जळालेल्या मोटारींचे स्टॅम्पिंग (गाभ्याचे लोखंडी पत्रे) रचते, त्या खाचांत चाक छान अडकतं. घरी पाटा, उखळ, उशीखाली ठेवलेली पुस्तकं, काहीही. माझ्याकडं आजेसासूबाईंचं जातं आहे. त्याच्या टाकीच्या खुणांवर टायर धरतो, पण वरच्या तळीच्या कडेवर शेवटचे दोन बोटं अंतर गाडी हटकून मागं पडते. तीन आठवडे झाले. कालच मागच्या चाकात पाच ग्रॅम जास्तीचे घातलेत.