रविवारच्या बेताविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. साताऱ्यात नोकरीवर रुजू होऊन महिना होतो न होतो तोच एका रविवारात कास, बामणोली, ठोसेघर आणि सज्जनगड उरकण्याचा तुझा बेत वाचून हसू आले, कारण तुझ्या वयात मीही हाच उद्योग केला होता आणि संध्याकाळी घरी परतल्यावर घाटातल्या वळणांखेरीज मला काहीही आठवत नव्हते.

हे शहर आटोपशीर आहे, राजवाड्यापासून रमतगमत निघाले तरी अर्ध्या तासात बोगद्यापाशी, म्हणजे थेट डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येते. मुंबई-पुण्याच्या माणसाला दिवसभरात सगळे पदरात पाडून घ्यावे लागते. तुला तशी घाई करण्याचे कारण नाही. एका रविवारी एकच ठिकाण, आणि तेही वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा, असा नेम ठेव.

सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून कर. वर डांबरी रस्ता असल्यामुळे त्याला अनेकजण फिरायला जाण्याची टेकडी समजतात, पण मंगळाईच्या बुरुजावर थोडा वेळ उभी राहा. 1700 साली मोगलांनी वेढ्यात याच बाजूला सुरुंग उडवले आणि त्यांच्या स्फोटात त्यांचीच असंख्य माणसे गाडली गेली. गड पडल्यावर औरंगजेबाने त्याला ‘आझमतारा’ म्हटले. आपल्या तोंडी राहिले ते आजचे नाव.

कासची घाई मात्र अजिबात करू नकोस. जूनमध्ये तिथे धुके आणि चिखल यांचेच राज्य असते. फुलांचा खरा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्या काळात आगाऊ नोंदणी करून, शक्यतो रजा काढून आडवारी जा. लोक तिथे गालिचा पाहायला जातात आणि गालिच्यावर बसायचेच असते अशा समजुतीने वागतात. जांभ्या खडकावर तिथे मातीचा जेमतेम काही इंचांचा थर असतो, पावसाचे पाणी त्यातले पोषण धुऊन नेते, म्हणून काही वनस्पतींनी किडे खाण्याचा मार्ग धरलेला आहे. पायवाटेच्या कडेला उकिडवी बसून पाहिलेस तर तांबूस पानांच्या केसांवर चिकट थेंब चमकताना दिसतील. ते दव नव्हे, ती दवबिंदू नावाची वनस्पती आहे आणि एखादे चिलट त्यात अडकले की पान हळूहळू त्याच्याभोवती वळते. जवळच निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा ताटवा असतो, इतका नाजूक की हात लावायलाही जीव धजत नाही. पण ओल्या मातीत त्यांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव गिळत असतात. वायतुऱ्याच्या फुलाचा फोटो जवळून काढावा म्हणून मी एकदा वाट सोडून चार पावले आत गेलो होतो. परत वळून पाहिले तेव्हा माझ्या बुटाच्या ठशात दवबिंदूचे अख्खे कुटुंब चिरडलेले होते. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासही आहे, हे मी तोवर अभिमानाने सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी परतताना गाडीत कोणाशी बोललो नाही.

सज्जनगडावर समाधीचे दर्शन घेऊन लगेच उतरू नकोस. पश्चिम टोकाला धाब्याच्या मारुतीपाशी जा, खाली उरमोडी धरणाचे पाणी पसरलेले दिसते आणि वाऱ्यापुढे बोलणे ऐकू येत नाही. ठोसेघर त्याच रस्त्याला पुढे आहे, पण त्यासाठी वेगळा रविवार ठेव. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो, तो हिवाळ्यात पाहू. बामणोलीहून लाँचने जाऊन चढउतार करून परतायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो.

उन्हाळ्यासाठी एक जागा राखून ठेव. लिंब गावची बारा मोटेची विहीर अठराव्या शतकातली, अष्टकोनी आहे. पायऱ्या उतरून आत गेले की भर दुपारीही गारवा लागतो, आणि मोटांच्या खालच्या दालनात बसले की एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटते. हौसेने विहीर बांधणारी माणसे किती ऐसपैस विचार करत, हे तिथे कळते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला बोगद्यापाशी ये. थर्मासमध्ये चहा मी आणतो, कंदी पेढे तू आण. अजिंक्यताऱ्याच्या चढावर दोन ठिकाणी थांबावे लागेल. थांबण्याचे निमित्त तू काढावेस, म्हणजे माझ्या गुडघ्यांची अब्रू राहील.

तुझा,
काका