वाचकांचे प्रश्न : सलग जग आणि लोडिंग स्क्रीन

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच तक्रारीभोवती फिरणारी होती : पुढची जागा उघडेपर्यंत खेळ थांबवून ठेवणारी लोडिंग स्क्रीन. त्यांपैकी पाच निवडून येथे उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी खेळतो त्या ऑनलाइन गेममध्ये एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात पाऊल टाकले की लोडिंग स्क्रीन येते. इतकेच नव्हे, तर एकाच शहराच्या दोन भागांमध्येही ती येते. माझ्या मित्राच्या गेममध्ये मात्र खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चालत जाता येते. आमचे संगणक अगदी सारखे आहेत. मग हा फरक निर्मात्यांच्या आळसामुळे पडतो, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. दोन्ही गेमच्या निर्मात्यांपुढची अडचण एकच असते. अख्खे जग संगणकाच्या मेमरीत मावत नाही आणि त्यातल्या सगळ्या खेळाडूंचा भार एका सर्व्हरला पेलत नाही, त्यामुळे जगाचे तुकडे दोघांनाही करावेच लागतात. आपल्या गेमने हे तुकडे उघडपणे केले आहेत, तर मित्राच्या गेमने त्यांच्यामधला सांधा लपवला आहे.

तो कसा लपतो, हे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या उदाहरणावरून चांगले समजते. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या या गेमचा प्रत्येक खंड चौरस तुकड्यांच्या जाळीवर मांडलेला आहे आणि एका तुकड्याची बाजू सुमारे ५३३ यार्ड भरते. आपले पात्र चालू लागले की पुढचे तुकडे डिस्कवरून आधीच वाचून ठेवले जातात आणि मागे पडलेले तुकडे मेमरीतून काढून टाकले जातात. साधे पात्र सेकंदाला ७ यार्ड धावते, म्हणजे एक तुकडा ओलांडायला त्याला सुमारे ७६ सेकंद लागतात. वेगवान घोड्यावर हा वेळ निम्म्यावर येतो आणि जलद उडत्या वाहनावर तर जेमतेम १९ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात पुढची जमीन, झाडे, घरे आणि त्यांवरची टेक्सचर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) आणता आली, तर खेळाडूला काहीच जाणवत नाही. आणता आली नाहीत, तर चित्र अडखळते किंवा डोंगर डोळ्यांदेखत उगवतात. याचाच अर्थ असा की, सलग जग म्हणजे निर्मात्याने खेळाडूचा कमाल वेग आणि त्याच्या नजरेचा पल्ला आधीच हिशेबात धरून बांधलेले जग होय. हा हिशेब टेलिपोर्ट करताच, म्हणजे क्षणात दूरच्या जागी उडी घेताच, मोडतो, कारण पुढे कोणता तुकडा लागणार याचा कोणताच अंदाज त्या क्षणी उपलब्ध नसतो. म्हणूनच आपल्या मित्राच्या गेममध्येही दूरच्या जागी टेलिपोर्ट केल्यावर लोडिंग स्क्रीन आलेली दिसेल. त्यांना एकदा विचारून पाहावे.

सर्व्हरचा पेच याहून जुना आहे. मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने जगाचे स्वतंत्र झोन केले, आणि सीमारेषा ओलांडली की खेळाडू एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये सोपवला जाई. पाठलाग करणाऱ्या राक्षसांना मात्र ती रेषा ओलांडता येत नसे. साहजिकच ‘क्रशबोन’सारख्या ऑर्कांच्या (राक्षसांच्या एका जातीच्या) किल्ल्यात जिवावर बेतलेला खेळाडू मागे ऑर्कांची रांग घेऊन थेट सीमारेषेकडे पळत सुटे आणि पळता पळता ‘ट्रेन!’ असे लिहून इतरांना सावध करी. तो निसटला की ते ऑर्क परत फिरताना सीमेजवळ विसावलेल्या निष्पाप खेळाडूंवर तुटून पडत. तांत्रिक गरजेतून आलेल्या रेषेने खेळाची रीतच बदलली, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘अॅशरॉन्स कॉल’ने उलट वाट धरली. त्याचे उघडे जग सलग होते, सर्व्हरांमधल्या हद्दी गर्दीनुसार सरकत असत आणि खेळाडूला त्यांचा पत्ताही लागत नसे. तरीही एका ठिकाणी फार लोक जमले की ‘पोर्टल स्टॉर्म’ येऊन त्यांतल्या काहींना दुसरीकडे फेकून देई. सांधा लपवला, तरी भार काही नाहीसा झाला नव्हता.

शहराच्या दोन भागांमध्ये लोडिंग येते, या आपल्या तक्रारीशी मात्र मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’ सप्टेंबर २०१० मध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा तिचे प्रदेश विस्तीर्ण होते. पण त्यांत तेच खडक आणि तीच वळणे पुन्हा पुन्हा येत, आणि त्यावर सडकून टीका झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधलेली आवृत्ती आली, ती मुद्दाम वेगवेगळ्या झोनमध्ये विभागलेली होती. प्रत्येक झोन हाताने घडवलेला होता आणि त्यात रिकामी जागा कमी होती. ही आवृत्ती प्लेस्टेशन ३ वरही चालवायची होती, आणि त्या यंत्रात मुख्य मेमरी २५६ एमबी व ग्राफिक्ससाठी आणखी २५६ एमबी एवढीच होती. परिणामी राजधानीची शहरेसुद्धा दोन-दोन भागांत विभागली गेली. जिवंत, वेगळ्या चेहऱ्याचे प्रदेश मिळणार असतील, तर त्यांच्या सीमेवरची लोडिंग स्क्रीन मी आनंदाने स्वीकारीन. परंतु ज्या शहरात खेळाडू रोज दहा कामांसाठी ये-जा करतो, त्याच्या मधोमध ती असणे खरोखरच त्रासदायक ठरते, मग तिचे कारण कितीही योग्य असो.

प्रश्न : लोडिंगला कंटाळून मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. काही गेममध्ये जादूसारखा फरक पडला, तर एका ऑनलाइन गेममध्ये जवळजवळ काहीच पडला नाही. एसएसडीत दोष असेल का?

उत्तर : दोष असण्याची शक्यता कमी आहे. हार्ड डिस्कला विखुरलेल्या फाइली वाचताना दर वेळी सुई हलवावी लागते आणि त्या प्रत्येक हालचालीत सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारे भागच नसल्याने हा खर्च नगण्य असतो. पण लोडिंग म्हणजे केवळ डिस्क वाचणे नव्हे. वाचलेली माहिती उलगडणे, शेडर (उजेड आणि रंग रेखाटणारे छोटे प्रोग्राम) तयार करणे, सर्व्हरकडून पात्राची आणि आजूबाजूच्या खेळाडूंची स्थिती मागवणे, आणि सामूहिक डंजनमध्ये (गटाने लढायच्या भुयारांत) सर्वांत मंद संगणकाची वाट पाहणे, हेही त्याच पडद्यामागे चालते. त्यात एसएसडीचा काही उपयोग होत नाही.

याचा सर्वांत गाजलेला दाखला रोल-प्लेइंग प्रकारातला नाही, तरी तो येथे द्यायलाच हवा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ सुरू व्हायला काही संगणकांवर सहा-सहा मिनिटे लागत. २०२१ च्या आरंभी एका प्रोग्रामरने, मूळ कोड हाताशी नसतानाही, तो वेळ जातो कुठे याचा छडा लावला. खरेदीयोग्य वस्तूंची सुमारे १० एमबीची एक यादी वाचताना प्रोग्राम प्रत्येक नोंदीपाशी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होता. शिवाय तीत जवळपास ६३,००० वस्तू होत्या आणि प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सर्व वस्तूंशी ताडून पाहिली जात होती, म्हणजे एकूण सुमारे २०० कोटी तुलना होत होत्या. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या संगणकावर लोडिंगचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने ते मान्य केले, मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि त्याला १०,००० डॉलरचे बक्षीसही दिले. अशा ठिकाणी कितीही महागडी डिस्क बसवली, तरी प्रोसेसर आपला मोजतच बसतो.

त्यामुळे लोडिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावा. डिस्क शांत असेल आणि प्रोसेसरचा एकच कोअर पूर्ण राबत असेल, तर आपल्या हाती करण्यासारखे फारसे काही नाही.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण एकाच चौकात, एकाच कारंज्यापाशी उभ्या होतो, तरी एकमेकींना दिसलो नाही. या गेममध्ये लोडिंग स्क्रीन कुठेच नाही, अशी जाहिरात होती. मग हे कसे झाले?

उत्तर : आपण दोघी एकाच चौकाच्या दोन प्रतींमध्ये उभ्या होतात. चौकात ५० खेळाडू असले आणि प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ४९ जणांना कळवायची म्हटले, तर दर वेळी २,४५० संदेश लागतात. ५०० खेळाडू असले, तर तीच संख्या २,४९,५०० होते. माणसे दहापट वाढली की काम शंभरपटीने वाढते. दूरच्या खेळाडूंचे संदेश कमी वेळा पाठवून हा भार हलका करता येतो, पण जत्रेसारखी गर्दी एका जागी दाटली की तो उपायही अपुरा पडतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जानेवारी २००६ मध्ये ‘आन’किराज’चे दरवाजे उघडण्याच्या प्रसंगी एवढे लोक एका वाळवंटात गोळा झाले की सर्व्हर वारंवार कोसळले.

त्यावर उपाय म्हणून जगाच्या प्रती काढण्याची पद्धत रुळली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१२ पासून ओस पडलेल्या प्रदेशांत निरनिराळ्या सर्व्हरांचे खेळाडू एकत्र आणले जाऊ लागले आणि पुढे गजबजलेल्या प्रदेशांचे थर, म्हणजे एकाच जागेच्या अनेक प्रती, पाडले जाऊ लागले. ‘गिल्ड वॉर्स टू’नेही एप्रिल २०१४ पासून नकाशांच्या प्रती गरजेनुसार उघडण्याची व्यवस्था आणली. तिच्यामुळे रिकाम्या नकाशावर एकट्याने भटकण्याची वेळ टळली, हा फायदा निर्विवाद आहे. तरी माझे मत या बाबतीत काहीसे कठोर आहे. लोडिंग स्क्रीन निदान प्रामाणिक असते. ती आपल्याला थांबवते आणि जागा बदलली हे सांगते. थर मात्र समोरचा माणूस न सांगता नाहीसा करतात, आणि दररोज तेच चेहरे भेटल्याने जी ओळख वाढत जाते, तिला त्यामुळे धक्का बसतो. ऑनलाइन गेममध्ये जमिनीच्या सलगतेपेक्षा माणसांची सलगता मला अधिक मोलाची वाटते.

तिसराही मार्ग आहे, पण तो फार थोड्यांनी निवडला. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये, चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला, तर सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. एका सूर्यमालेत लढाई फार मोठी झाली, तर तेथील काळाचा वेग कमी केला जातो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ मध्ये ‘बी-आर-५-आर-बी’ या सूर्यमालेत झालेल्या लढाईत सात हजारांहून अधिक खेळाडू सहभागी झाले आणि ती सुमारे २१ तास चालली. ती संथ होती, पण तिच्यातले सारे जण एकाच जागी होते.

आपल्यापुरता उपाय सोपा आहे. मैत्रिणीला आपल्या पार्टीत, म्हणजे खेळातल्या गटात, घ्यावे. बहुतेक गेम पार्टीतील सर्वांना एकाच प्रतीत आणतात, क्वचित त्यासाठी काही सेकंद थांबावे लागते.

प्रश्न : नव्या प्रदेशांत उडता येते, मग जुन्या प्रदेशांत का येत नाही?

उत्तर : ते प्रदेश जमिनीवरून पाहण्यासाठीच बांधलेले असतात म्हणून. डोंगराच्या पलीकडची बाजू कोणाला दिसणार नाही, हे गृहीत धरून ती घडवलेलीच नसते, आणि उंचावरून एकदम दिसणारा पल्ला मेमरीला झेपत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००७ साली नव्या भूमीत उड्डाण आले, मूळ खंडांत ते येण्यासाठी त्यांची २०१० मध्ये पुनर्बांधणी करावी लागली. ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’मध्येही नव्या प्रदेशांत २०१५ मध्ये उड्डाण सुरू झाले, आणि जुन्या प्रदेशांना मात्र ऑगस्ट २०२० पर्यंत थांबावे लागले.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी मिळून एक लहान ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवत आहोत. जग सलग ठेवावे की झोनमध्ये विभागावे, यावरून आमच्यात मतभेद आहेत. आपला सल्ला काय?

उत्तर : झोनमध्ये विभागावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. सलग जगाची किंमत केवळ तुकडे वेळेत आणण्यापुरती नसते. दोन सर्व्हरांच्या हद्दीवर उभ्या असलेल्या दोन खेळाडूंची तलवारबाजी कोणत्या सर्व्हरने निकालात काढायची, बाण एका सर्व्हरवरून सुटून दुसऱ्यावर पोहोचला तर तो लागला की नाही हे कोणी ठरवायचे, आणि हद्द ओलांडत असतानाच वस्तूंची देवाणघेवाण झाली तर एकच वस्तू दोघांकडे उरण्याची चूक कशी टाळायची, हे प्रश्न अनुभवी संघांनाही वर्षानुवर्षे छळतात. २००७ मध्ये आलेल्या ‘व्हॅनगार्ड’ने सलग जगाचे वचन दिले होते, पण तुकड्यांच्या सीमेवर खेळाडूंना झटके बसत, आणि ती रेषा डोळ्यांना दिसली नाही तरी सर्वांना माहीत झाली होती. त्यातच अंतरे वाढली की आकडेमोडही साथ सोडते. ३२ बिटी दशांश संख्येत स्थान साठवले, तर मूळ बिंदूपासून १०० किलोमीटरवर दोन शेजारच्या स्थानांमधले अंतर सुमारे ८ मिलिमीटर होते, आणि पात्राच्या हातातली तलवार थरथरू लागते.

झोन केले, तर सांधा कुठे ठेवायचा यावर मात्र भरपूर वेळ द्यावा. खेळाडू जिथे आपणहून श्वास घेतो, ती जागा योग्य. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खंडांमधली लोडिंग स्क्रीन समुद्रात, जहाजाच्या प्रवासात ठेवली, हा निर्णय मला आजही उत्तम वाटतो, कारण धक्क्यावर जहाजाची वाट पाहताना अनोळखी लोक आपसांत बोलू लागत. युद्धभूमीच्या मध्यात, बाजार आणि बँक यांच्या मध्ये, किंवा पाठोपाठ दोन-तीनदा लोडिंग येईल अशा रीतीने सांधा कधीही ठेवू नये. एका झोनचे प्रवेशद्वार आणि पलीकडच्या झोनमधले तेच प्रवेशद्वार एकाच दिशेला, एकाच उजेडात दिसेल याची काळजी घ्यावी. तेवढ्याने अंतराची जाण पुष्कळ टिकते. एव्हरक्वेस्टमधल्या ऑर्कांची गोष्ट वर सांगितली आहे, तेव्हा सीमेपासून काही अंतरापर्यंत राक्षस ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

टेलिपोर्टची सोय मात्र पहिल्या दिवसापासून देऊ नका. एकदा दिलेली सोय काढून घेता येत नाही, आणि ती असली की खेळाडू वाटेवरचे जग पाहतच नाहीत. आधी पायी चालण्याचा वेग ठरवा, मग झोनची लांबी ठरवा, आणि तुमच्या चौघांमधल्या सर्वांत जुन्या संगणकावर, हार्ड डिस्कवरून, एक झोन उघडायला किती सेकंद लागतात ते मोजा. हा आकडा दहाच्या वर गेला, तर झोनचा आकार कमी करण्याआधी टेक्सचरचा आकार कमी करून पाहा.